एअरबॅगचा दिवा, मुका हॉर्न आणि स्टेअरिंगमागची स्पायरल केबल

गाडीच्या मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा पेटून राहिलाय, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, आणि स्टेअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणंही दाद देत नाहीत, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. माझ्या २०१८ च्या पेट्रोल गाडीत २०२५ च्या उन्हाळ्यात हेच झालं. बिघाड निघाला स्टेअरिंगच्या चाकामागे बसणाऱ्या स्पायरल केबलमध्ये. गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंगही म्हणतात. ती बदलून सहा महिने उलटले, गाडी रोज पळतेय, म्हणून आता भरवशाने लिहिते आहे.

मी अमळनेरला राहते. पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि जाणं-येणं रोज गाडीनेच असतं. मेकॅनिकचं शिक्षण नाही, पण घरातला स्विच, पंख्याचा कंडेन्सर एवढं स्वतः बदलायची सवय आहे. एअरबॅगला हात लावायचा म्हटल्यावर मात्र पोटात गोळा आला होता, आणि यायलाच हवा. तिच्यात स्फोटक पदार्थ असतो. टक्कर झाली की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत ती फुगते. चुकीच्या वेळी फुगली तर हात, चेहरा, काहीही जायबंदी होऊ शकतं.

सुरुवात मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हॉर्नने झाली. स्टेअरिंगचं चाक सरळ असताना वाजायचा, डावीकडे वळताना बटण कितीही दाबा, गप्प. आमच्या रस्त्याला हॉर्नशिवाय भागत नाही. गव्हाची सोंगणी चालू असते, ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातून एकदम डांबरीवर येतात, आणि त्या दिवसांत ठेलारींच्या मेंढ्यांचे कळप रस्त्याने चाललेले असतात. अशाच एका कळपामागे मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हाका मारत होते. पुढचा मेंढपाळ वळून म्हणाला, "हॉर्न बिघडना का ताई?" हॉर्न चालू असणं कायद्यानेही लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम त्यासाठीच आहे.

फ्यूज पाहिला, चांगला होता. मग २० मार्चला, गुरुवारी, शाळेतून परतताना मीटरमध्ये लाल दिवा लागला. सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगा, असं त्याचं चित्र असतं. चावी फिरवल्यावर हा दिवा रोजच काही सेकंद पेटतो आणि विझतो. ती यंत्रणेने स्वतःची केलेली तपासणी असते. विझलाच नाही तर कुठेतरी खोट आहे, आणि मग अपघातात एअरबॅग उघडेलच असा भरवसा धरता येत नाही. गाडी मात्र नेहमीसारखीच चालते, म्हणून लोक हा दिवा महिनोन्‌महिने तसाच ठेवतात. काहीजण तर बल्ब काढून टाकतात. कृपा करून असं करू नका. गाडी विकत घेणाऱ्या पुढच्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

शनिवारी, २२ मार्चला, सकाळची शाळा सुटल्यावर धरणगाव-पाळधीमार्गे जळगावला एका सर्व्हिस सेंटरवर गेले. गाडीच्या यंत्रणेत साठलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायचे ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. स्कॅनरवर कोड आला तो चालकाच्या बाजूच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त असल्याचा. तासाभराने हातात अंदाजपत्रक आलं: एअरबॅग, स्पायरल केबल आणि मजुरी मिळून ३१ हजारांच्या वर. मी विचारलं, "एअरबॅगच खराब आहे हे कशावरून?" उत्तर आलं, "मॅडम, सेटच बदलावा लागतो." मी एवढंच म्हटलं की कोड आणि अंदाजपत्रक दोन्ही छापून द्या. तोंडी काहीही ऐकलंत तरी या दोन गोष्टी कागदावर घ्याच, आणि स्कॅनरच्या पडद्याचा मोबाईलवर फोटोही काढा. पुढच्या प्रत्येक ठिकाणी मला तेच कामाला आलं.

आमच्या गल्लीत एक आप्पा राहतात. एसटीच्या आगारात वायरमन होते, निवृत्तीनंतर घरीच गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतात. वडिलांचे जुने मित्र. रविवारी सकाळी त्यांना कागद दाखवला. त्यांनी आधी बोनेट उघडून हॉर्नला बॅटरीवरून दोन वायरी थेट लावल्या. हॉर्न कडक वाजला. म्हणजे हॉर्न ठीक, आणि फ्यूज तर आधीच पाहिलेला. मग त्यांनी मला चाक हळूहळू फिरवत बटण दाबून धरायला सांगितलं. एका ठराविक कोनात हॉर्न वाजायचा, जरा पुढे गेलं की बंद. "तीन वस्तू एकदम कश्या बिघडतीन?" ते म्हणाले. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग, तिघांच्या वायरी एकाच रस्त्याने जातात. मग तो रस्ताच तुटला असणार.

तो रस्ता कसा असतो ते सांगते, कारण हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. स्टेअरिंगचं चाक फिरतं, खालचा कॉलम जागचा हलत नाही. चाकातली एअरबॅग आणि बटणं कॉलममधल्या वायरिंगला साध्या वायरीने जोडली तर वळणावळणाला ती पिळून तुटेल. म्हणून मधे एक गोल, चपटी प्लास्टिकची डबी बसवतात. तिच्या आत पातळ पट्टीसारखी केबल वेटोळी करून ठेवलेली असते, शिंप्याची टेप गुंडाळून ठेवावी तशी. चाक एका बाजूला फिरवलं की वेटोळी आवळतात, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सैलावतात. पट्टीची लांबी मोजून ठेवलेली असते, दोन्ही बाजूंना चाक शेवटपर्यंत फिरेल एवढी आणि वर थोडीशी. वर्षानुवर्षं दुमडून ती एखाद्या ठिकाणी चिरते. मग काही कोनात जोडली जाते, काही कोनात सुटते. ज्या गाडीत चालकाची एअरबॅग आहे तिच्यात हा भाग असतोच, आणि आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. त्या गाड्याही आता जुन्या व्हायला लागल्यात.

पुढचं पाऊल टाकण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून पाहिला. माझ्या गाडीच्या या भागासाठी काही रिकॉल, म्हणजे सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं, असता तर काम फुकट झालं असतं. नव्हता. वॉरंटीही कधीच संपलेली. तुमची गाडी वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः किंवा बाहेर काहीही उघडू नका, सरळ कंपनीकडे जा.

२८ मार्चला धुळ्याच्या दुसऱ्या एका सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या सल्लागाराने कोड पाहून स्वच्छ सांगितलं की आधी फक्त स्पायरल केबल बदलावी, एअरबॅग सहसा खराब होत नाही. त्यांची मजुरी १,८०० रुपये अधिक कर, गाडी दोन दिवस ठेवावी लागेल, पण तारीख मिळाली मे महिन्यातली. मला गाडी हवी होती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी. धाकटी बहीण शहाद्याला दिलेली, दर आखाजीला तिला माहेरी आणायचं काम माझ्याकडे असतं, आणि ३० एप्रिलला आखाजी होती. तारीख आधीची मिळाली असती तर मी काम तिथेच दिलं असतं, हे मुद्दाम सांगते. आप्पांसारखा जाणता माणूस शेजारी नसता तर एकटीने हे अंगावर घेतलंच नसतं.

म्हणून तिथून फक्त पार्ट मागवला. काउंटरवर आरसीची झेरॉक्स आणि सतरा अंकी-अक्षरी चेसिस नंबर लागला. एकाच मॉडेलमध्ये क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप राखणारी सोय) असलेली, नसलेली, बटणं जास्त, बटणं कमी, अशा प्रत्येकाची केबल वेगळी असते. दिसायला सगळ्या सारख्याच. त्यामुळे चेसिस नंबरावरून पार्ट नंबर काढून घ्या, आणि जमलं तर जुन्या डबीवर छापलेल्या नंबराशी ताडून बघा. किंमत ४,४०० अधिक २८ टक्के जीएसटी, एकूण ५,६३२ रुपये. पूर्ण रक्कम आगाऊ. पावतीवर शिक्का: इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही. आणि काउंटरवर घेऊन बाहेर बसवलेल्या पार्टला वॉरंटी नाही, ती त्यांच्या वर्कशॉपमध्ये बसवला तरच, हेही तेव्हाच कळलं. ऑनलाइन हीच वस्तू हजाराच्या आतबाहेर दिसत होती, आणि भंगारातून काढलेलीही मिळेल असं एकाने सुचवलं. दोन्हीला मी नाही म्हटलं. जिच्यावर जीव अवलंबून आहे त्या वायरीत चार पैसे वाचवायचे नसतात, असं मला मनापासून वाटतं.

मग वाट पाहणं. आर्थिक वर्ष संपत आलेलं, त्यामुळे काउंटरवर स्टॉकची मोजणी. ३० तारखेला पाडवा, ३१ ला ईद. "मॅडम, नाशिकहून निघाला की फोन करतो," हे वाक्य पाठ झालं. तोवर गाडी दारात उभी ठेवली आणि शाळेला एसटीने गेले, महिलांना अर्धं तिकीट असल्याने खिशाला झळ बसली नाही. पार्ट ११ एप्रिलला हातात आला. खोका तिथेच उघडून पाहिला: डबी सीलबंद, मधला भाग फिरू नये म्हणून लावलेली पिवळी खूण-पट्टी जागेवर. ती पट्टी निघालेली असेल तर तो खोका घेऊ नका. का, ते पुढे येईल.

काम १३ एप्रिलला, रविवारी, ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर जयंतीची सुटी होती. काही अडलं तर गाडी उघडी ठेवून सोमवारीही बसता येईल, सोमवारच्या शाळेची घाई डोक्यावर नको, हा हिशेब. आप्पांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून माझ्याच मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेची पानं आणून ठेवली होती. गाडीबरोबर जी पुस्तिका मिळते तिच्यात हे काही नसतं. पंचेचाळीस वर्षं हातात पाना असलेला माणूस, पण आदल्या रात्री चष्मा लावून ती पानं दोनदा वाचत बसला होता.

पहाटे सहालाच सुरुवात केली. एप्रिलमध्ये आमच्याकडे दहानंतर पारा चाळिशीकडे धावतो, घामाचे थेंब कनेक्टरवर पडतात, आणि उन्हात तापलेल्या गाडीत माणूस घाई करतो. अंगात सुती कपडे. कोरड्या हवेत सिंथेटिक कपड्यांनी अंगावर वीज साठते, दाराला हात लावल्यावर झटका बसतो तीच. एअरबॅगजवळ ती नको. मी काही हातात घेण्याआधी दर वेळी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावत होते.

चाक अगदी सरळ, पुढची चाकंही सरळ. चावी काढून घेतली. दहाच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं आणि ते चुकून परत टेकू नये म्हणून कापडात गुंडाळून बाजूला बांधलं. लगेच पुढे जायला मी सरसावले, तर आप्पांनी हात आडवा केला. "घाई कसानी शे माय? अर्धा तास थांब." बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतात. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून त्यांच्यात वीज राखून ठेवलेली असते. ती उतरायला वेळ लागतो. काही कंपन्या दीड मिनिट सांगतात, काही तीन, काही त्याहून जास्त. आपल्या पुस्तिकेत असेल त्यापेक्षा जास्तच थांबा. आम्ही अर्धा तास ओट्यावर बसलो, चहा झाला. या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच आहे, आणि गॅरेजमध्ये घाईत नेमकं हेच गाळलं जातं.

माझ्या गाडीत चाकाच्या मागच्या बाजूला दोन भोकं आहेत. त्यांतून बोथट डिसमिस घालून आतला स्प्रिंगचा खटका दाबला की एअरबॅग त्या बाजूने सुटते. दोन्ही बाजूंनी सुटल्यावर ती सैल झाली. (बऱ्याच गाड्यांत खटक्याऐवजी ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू असतात.) आप्पा चाकासमोर चेहरा न आणता, बाजूने हात घालून काम करत होते, आणि मलाही त्यांनी समोरून उठवलं. एअरबॅग थोडी पुढे ओढल्यावर मागे पिवळे कनेक्टर दिसले. एअरबॅगच्या वायरी पिवळ्या ठेवतात, ओळखायला सोपं जावं म्हणून. कनेक्टरवरची बारीक कुलूप-पट्टी डिसमिसच्या टोकाने वर उचलायची आणि मग कनेक्टर सरळ ओढायचा. वायरीला धरून नाही. हॉर्नची वायर वेगळी निघाली.

एअरबॅग माझ्या हातात दिली तेव्हा हात थरथरत होते. ती धरायची रीत अशी: नक्षीचा, म्हणजे चालकाकडे असतो तो भाग अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला. चालताना पायाकडे बघत, दारातली पायपुसणीही आधी उचलून ठेवलेली. आतल्या खोलीत फरशीवर ती ठेवली, नक्षीचा भाग वर, आणि वर काहीही नाही. उलटी ठेवली आणि चुकून फुटली तर धातूचा अख्खा तुकडा छताकडे उडतो. सरळ ठेवली तर फुगा फक्त वरच्या हवेत फुगतो. खोलीला बाहेरून कडी लावली, घरात भाची आलेली होती. उन्हात ती ठेवायची नाही, हेही लक्षात असू द्या.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी: एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर लावायचा नाही, कधीच नाही. मीटर रेझिस्टन्स मोजताना थोडी वीज सोडतो, आणि ती ठिणगीला पुरू शकते. मीटर बाहेर काढलेला बघून आप्पांनी आधीच बजावलं होतं, "ते मीटर तठे लावू नको." मीटर आणला होता तो जुन्या केबलसाठी, त्याचं पुढे सांगते.

चाकाच्या मधोमध मोठा नट. माझ्या गाडीला सतराचा गोटी पाना लागला. तो सोडवण्याआधी चाक आणि शाफ्ट (चाक ज्या दांड्यावर बसतं तो) यांच्यावर एकसलग खूण हवी, नाहीतर परत बसवताना एक दात इकडेतिकडे होतो आणि गाडी सरळ चालत असताना चाक वाकडं दिसतं. मी माझी नेलपॉलिश आणली, बारीक रेघ ओढायला तिच्यासारखं काही नाही. नट पूर्ण काढला नाही, शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू दिला. चाक दोन्ही हातांनी आलटूनपालटून डावी-उजवीकडून ओढलं आणि ते एकदम झटक्याने सुटलं. नट अजून बसलेला होता म्हणून ते तोंडावर आलं नाही. चाक निघत नसेल तर पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं अवजार, वापरतात. शाफ्टवर हातोडी मारायची नाही. अपघातात छातीवर येऊ नये म्हणून स्टेअरिंगचा कॉलम दबून आखूड व्हावा असा बनवलेला असतो, ठोक्यांनी तो बिघडू शकतो.

कॉलमचं प्लास्टिकचं कव्हर खालच्या स्क्रूंनी सुटलं. आत इंडिकेटर-वायपरच्या दांड्यांच्या वर ती गोल डबी. खालून दोन कनेक्टर, त्यातला एक पिवळा, आणि बाजूला बसवलेल्या खुंट्या. हे सगळं काढायला जेमतेम पाच मिनिटं लागली. निघताना मी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत होते. वायर कुठल्या खाचेतून जाते ते बसवताना आठवत नाही.

आता जुनी डबी गाडीपासून पूर्ण वेगळी, एअरबॅगशी तिचा काही संबंध उरलेला नाही, म्हणून तिला मीटर लावायला हरकत नव्हती. आप्पांनी दोन टोकांना मीटरच्या सुया धरल्या आणि मला मधला भाग हळूहळू फिरवायला लावला. मीटर बीप वाजवत होता. एका जागी आल्यावर गप्प. थोडं मागे, परत बीप. हॉर्न डावीकडे वळताना गप्प व्हायचा, तीच जागा. तीन आठवडे ज्याच्यामागे होतो ते डोळ्यांसमोर होतं. नंतर डबी उघडली तेव्हा पट्टीवर एका दुमडीशी तांब्याच्या बारीक रेषा आडव्या चिरलेल्या दिसल्या, केसाएवढ्या. ३१ हजारांचं अंदाजपत्रक या चिरेसाठी होतं.

नवी डबी बसवताना तिची ती पिवळी पट्टी शेवटपर्यंत काढायची नाही. कारखान्यातून ती नेमकी मधोमध धरून येते, म्हणजे डावीकडे जेवढी वेटोळी शिल्लक तेवढीच उजवीकडे. मध्यापासून सरकलेली बसवली तर पहिल्यांदा यू-टर्न घेतानाच ती एका बाजूला ताणून तुटते आणि सगळा खर्च पाण्यात. पट्टी निसटून डबी फिरलीच असेल तर अगदी हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने अडेपर्यंत न्यायची, मग उलट दिशेने पुस्तिकेत दिलेले फेरे मोजून मध्यावर आणायची. बऱ्याच गाड्यांत ते अडीचच्या आसपास असतात, आणि डबीवर दोन बाण समोरासमोर येतात. पण हा आकडा अंदाजाने धरू नका, आपल्या गाडीचाच बघा.

बसवणं म्हणजे तेच उलट्या क्रमाने, पण दोन ठिकाणी थांबलो. नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते सांगणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याएवढाच आवळला. रेंच ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणला होता. काही कंपन्या नट नवाच लावायला सांगतात, तेही वाचून घ्या. आणि एअरबॅगचे पिवळे कनेक्टर: दाबल्यावर टक असा आवाज आला पाहिजे, मग कुलूप-पट्टी खाली. मी कान लावून ऐकलं. एअरबॅग आपल्या जागी दाबल्यावर दोन्ही खटके बसले.

बॅटरी सगळ्यात शेवटी. तेव्हा गाडीत कुणीही नाही. टर्मिनल लावल्यावर आप्पांनी डावीकडच्या दारातून, चाकासमोर न येता, हात लांब करून चावी फिरवली. मी अंगणाच्या टोकाला. गाडीच्या मीटरमध्ये दिवा पेटला. आम्ही वाट बघत राहिलो. विझला नाही.

माझा चेहरा उतरला, पण आप्पा शांत होते. कोड जुना साठलेला आहे, तो स्कॅनरने पुसावा लागेल, एवढंच म्हणाले. हॉर्न चाकाच्या प्रत्येक कोनात वाजत होता, बटणांनी आवाज कमी-जास्त होत होता. सोमवारी जयंतीमुळे बाजार बंद, म्हणून मंगळवारी, १५ तारखेला, गावातल्याच एका स्कॅनरवाल्याकडे नेलं. ३०० रुपये. त्याने जुना कोड पुसला, गाडी बंद करून चालू केली, दिवा पेटला आणि काही सेकंदांत विझला. नवा कोड नाही. त्या दुकानात मी मोठ्याने "झालं!" म्हणाले. तुमच्या गाडीतही दिवा राहिला तर लगेच सगळं पुन्हा उघडू नका, आधी स्कॅन करून कोड आताचा आहे की जुना, ते बघा. ज्या गाड्यांत घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा आहे त्यांत स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर असतो, काहींत तो या डबीलाच जोडलेला. तो स्कॅनरवर परत शून्यावर आणून घ्यावा लागतो. माझ्यात नव्हता. बॅटरी काढल्याने घड्याळ मात्र लावावं लागलं, आणि चालकाच्या बाजूची एका दाबात वर जाणारी काच पुन्हा शिकवावी लागली.

रिकाम्या मैदानावर चाक दोन्ही बाजूंना हळूहळू शेवटपर्यंत फिरवून पाहिलं, कुठे घासल्याचा आवाज नाही ना म्हणून. वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद होतो का, तेही पाहा. बऱ्याच गाड्यांत त्याचा खटका या डबीशीच निगडित असतो. मग पारोळा रस्त्यावर सरळ चालवून बघितली, चाक सरळ.

आप्पांना मी ८०० रुपये दिले. आधी नको म्हणत होते, पण कामाचे पैसे कामाचेच. सगळं मिळून ७,३२२ रुपये झाले. आखाजीच्या आदल्या दिवशी शहाद्याहून बहिणीला आणलं, वाटभर ती शेजारी बसून मला या लेखातलेच प्रश्न विचारत होती.

तुम्ही स्वतः करणार नसाल, आणि बहुतेकांनी करू नयेच, तर गॅरेजवाल्याला चार गोष्टी बिनधास्त विचारा. बॅटरी काढून किती वेळ थांबणार? चाक निघेल तेव्हा नवी डबी मध्यावर आहे हे मला दाखवणार का? जुना पार्ट परत देणार का? आणि शेवटी स्कॅन करून कोड नसल्याचा कागद देणार का? पहिल्या प्रश्नावर जो हसेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका. जुना पार्ट मागण्यात संकोच करायचं कारण नाही, पैसे तुम्ही मोजलेत. माझी ती उघडी डबी आता शाळेत विज्ञानाच्या कपाटात आहे, पोरं मधला भाग फिरवून बघतात.

दुरुस्तीनंतरही सीटबेल्ट लावायचाच. एअरबॅग त्याच्या जोडीला असते, त्याच्या ऐवजी नाही. आणि छाती चाकाच्या मध्यापासून किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा जरा जास्तच, मागे राहील अशी सीट ठेवा. उंची कमी म्हणून मी आधी फार पुढे बसायची, आता सीट वर घेऊन मागे सरकवली आहे.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा स्कॅन करून घेतला, एकही कोड साठलेला नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे मूळ किंमत तीच राहिली तर हाच पार्ट आता ५,१९२ रुपयांना पडावा. अंदाजपत्रक जुन्या दराने लावलेलं नाही ना, ते तपासून घ्या. पार्ट नंबर, बिलाची तारीख आणि बसवताना गाडी किती किलोमीटर चालली होती, हे मी सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून बिल तिथेच टाचून ठेवलं आहे.